छोट्या खाऱ्या टँकला मागे टांगायचा स्किमर: कुठला घेऊ?

डोंबिवलीचा_निमो

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय तर सांभाळून घ्या.

घरी सात-आठ वर्षं गोड्या पाण्याचा टँक होता, गप्पी, मॉली, एंजल सगळं करून झालं. मागच्या वर्षी लेकीच्या हट्टापायी खाऱ्या पाण्याचा लावला (हट्ट माझाच होता, नाव तिचं पुढे केलं). टँक ३० बाय १५ बाय १५ इंच, ८ एमएम काच, इथल्याच एका काचवाल्याकडून बनवून घेतलेला. हिशोबाने ११० लिटर होतात पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा केली तर पाणी ९० लिटरच्या आसपास असेल. संप (टँकखाली ठेवायची फिल्टरची वेगळी टाकी) नाही. स्टँडच्या कपाटात जागा होती पण तिथे बायकोने पापड-कुरडयांचे डबे लावलेत आणि तो मुलुख आता काही परत मिळत नाही. मागे एक साधा हँग-ऑन फिल्टर, एक छोटा वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप), बारा किलो सिरॅमिक रॉक. जनता म्हणाल तर दोन क्लाउन, एक फायरफिश, एक क्लीनर श्रिंप, पाच गोगलगायी.

प्रॉब्लेम असा की नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारं) ४० पीपीएमच्या खाली यायला तयार नाही, पाण्यावर तेलकट साय धरते आणि काच आज पुसली की परवा परत तपकिरी. पाणी दर पंधरा दिवसांनी १५ लिटर बदलतो, म्हणजे बदलतो असं आपलं म्हणायचं, कधीकधी तीन आठवडे पण होतात.

एक दुकानदार म्हणाला स्किमर लावा, म्हणजे पाण्यातली घाण फेसावाटे बाहेर काढणारं यंत्र. दुसरा म्हणाला लावायचाच तर ३००-४०० लिटरवाला मोठा लावा, उद्या टँक मोठा केलात तरी चालेल. ऑनलाइन बघितलं तर बबल मॅगसचा क्यूक्यू-१, रीफ ऑक्टोपसचा क्लासिक १००, बोयूचा एक, असे टांगायचे दिसतायत. शिवाय दिवाळीत मेहुणा न्यू जर्सीहून येतोय, तो म्हणतोय तिकडे अ‍ॅक्वामॅक्सचा एचओबी-१ चांगला मिळतो, बॅगेत घालून आणतो. बजेट दहा हजार, फार तर बारा.

टँक हॉलमध्ये आहे आणि हॉलमध्ये बाबा झोपतात, त्यांची झोप सावध, त्यामुळे आवाज नको. तिसरा मजला आहे आणि खालच्यांशी बाथरूमच्या गळतीवरून आधीच बोलणं बंद आहे. तर कुठला घेऊ?

चहाबिस्कीट

दादा, पापडाचे डबे हलवलेत तर खाली संप बसेल, पण मग स्वयंपाकघरात संप होईल. काय ते ठरवा.

फेसाळकर

निमोभाऊ, मॉडेल नंतर बघू. आधी मेझरिंग टेप घ्या आणि तीन मापं इथे टाका. मागच्या काचेपासून भिंतीपर्यंत किती जागा आहे, काचेच्या वरच्या कडेला आतून आडवी काचपट्टी चिकटवलीय का आणि ती किती रुंद आहे, आणि पाण्याची पातळी काठापासून किती खाली राहते.

हे का विचारतोय तर मी पहिला स्किमर घेतला तेव्हा लिटर बघितले, वॅट बघितले, यूट्यूबवर अर्धा डझन व्हिडिओ बघितले, फक्त घरची भिंत बघितली नाही. खोकं उघडल्यावर कळलं की मागे जागा अडीच इंच आणि स्किमर साडेचार इंच. दोनशे लिटरचा भरलेला टँक काही ढकलता येत नाही. अर्धा रिकामा केला, चार जणांनी मिळून पुढे ओढला, अख्खा रविवार गेला आणि त्या गडबडीत एक गोबी उडी मारून सोफ्याखाली गेला तो संध्याकाळी सापडला. पुढचं सांगत नाही.

आता स्किमर करतो काय. आई तुरीची डाळ उघड्या पातेल्यात शिजवते तेव्हा वर फेस धरतो आणि ती तो पळीने काढून टाकते, साधारण तेच काम. माशांची घाण, उरलेलं खाणं, शेवाळाचा चिकट स्राव, यातल्या बऱ्याच रेणूंचं एक टोक पाण्याला धरून राहतं आणि दुसरं पाण्यापासून पळतं. पळणाऱ्या टोकाला हवेचा बुडबुडा मिळाला की ते त्याला चिकटतं. असे लाखो बारीक बुडबुडे उंच नळकांड्यात सोडले की घाण घेऊन ते वर चढतात, मानेपाशी दाटीवाटी होते, पाणी निथळून खाली जातं आणि घट्ट फेस वाटीत पडतो. गोड्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, खाऱ्यात बारीक राहतात, म्हणून हा प्रकार समुद्राच्या पाण्यातच नीट चालतो. पावसाळ्यात दादर चौपाटीवर लाटेबरोबर मळकट फेस येऊन पडतो ना, तो समुद्राने स्वतःच केलेला स्किमर समजा.

मोठा घ्या हा सल्ला मात्र अजिबात ऐकू नका. फेस टिकायला पाण्यात तेवढी घाण लागते. तुमच्याकडे तीन बोटभर मासे आणि ९० लिटर पाणी, त्यावर ४०० लिटरचं धूड लावलंत तर मान रुंद असते, फेस अर्ध्यापर्यंत चढतो आणि बसतो, चढतो आणि बसतो, आठवड्याभराने वाटीत चमचाभर काहीतरी दिसतं. मग माणूस वैतागून व्हॉल्व्ह पिळतो आणि रात्री वाटी भरून वाहते. खोक्यावर लिटर लिहिलेले असतात ते मासे कमी असताना गृहीत धरलेले असतात हे खरं, त्यामुळे ९० लिटरला दीडशेपर्यंतचा घेतलात तर ठीक. त्यापुढे नको.

आत सुईचाकवाला पंप असेल तोच घ्या. पंपाच्या पात्यांच्या जागी बारीक बारीक काटे असतात, ते हवा फोडून दुधासारखा पांढरा फेस करतात. स्वस्तातले जे लाकडी एअरस्टोनवर चालतात ते पण काम करतात, नाही असं नाही, पण लाकूड महिना-दीड महिन्यात फुगून भोकं बंद होतात, नवीन घालत बसा, आणि एअरपंपाची घरघर वेगळी. बाबांना ती चालणार नाही. सुईचाकवाल्यात पंपाचा आवाज फारसा नसतो, हवा ओढायच्या नळीच्या तोंडाशी सुस्कारा येतो. तिथे सायलेन्सर येतो, नसेल तर नळी थोडी लांब करून स्टँडमागे न्या, बराच फरक पडतो.

पण नळी लांब करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. नळीचं तोंड टँकच्या पाण्याच्या पातळीच्या वर बांधायचं. नळी मध्ये कुठे झोळली तर चालेल, तोंड वर पाहिजे. माझ्या त्याच स्किमरचा पंप बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली होता. नळी टेपने चिकटवली होती, टेप सुटला, तोंड खाली लोंबलं. पंप चालू होता तोपर्यंत तो हवा ओढत होता म्हणून काही कळलं नाही. दुपारी लाईट गेली, ओढणारं कोणी राहिलं नाही आणि पाणी त्याच नळीतून उलटं बाहेर. चार मिलिमीटरच्या नळीतून तीन तासात किती पाणी जातं ते मी फरशी पुसताना मोजलं, दोन बादल्या भरल्या. तुमचे खालचे शेजारी आठवले म्हणून एवढं लांबण लावलं.

आणि वायर. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना आधी सॉकेटच्या खाली उतरून झोळ खाऊन वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळावरून खाली टपकतं, सॉकेटात शिरत नाही. खारं पाणी आणि प्लगपॉइंट यांची मैत्री नको.

मापं टाका, मग बोलू.

जुनाट_मासेवाला

फेसाळकरांनी सगळं बरोबर लिहिलंय, पण मुळात ९० लिटरला स्किमर लागतोच का हे कोणी विचारत नाहीये. माझा मुद्दा बादलीचा आहे.

धागाकर्त्यांनी आकडे दिलेच आहेत तर तेच घेऊ. ९० लिटरातलं १५ लिटर बदललं म्हणजे सहावा हिस्सा. नायट्रेट ४० असेल तर ३३ वर येतं. पुढच्या पंधरा दिवसांत (किंवा तीन आठवड्यांत) मासे ते परत ४० वर नेऊन ठेवतात. हे असं वर्षभर चालू शकतं, आणि माणूस म्हणतो मी पाणी बदलतो तरी उतरत नाही. तेच आठवड्यातून एकदा २०-२५ लिटर असं सलग पाच-सहा आठवडे करा आणि बघा. स्किमर झालेलं नायट्रेट काढत नाही, कधीच नाही. तो फक्त ज्यापासून पुढे अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट होणार तो कच्चा माल आधी उचलतो, तोही सगळा नाही. पेन स्टेट विद्यापीठातले केन फेल्डमन हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक, त्यांनी २००९ मध्ये वेगवेगळे स्किमर लावून पाण्यातला सेंद्रिय कार्बन आधी किती नंतर किती असं मोजलं होतं. निघाला तो २० ते ३० टक्क्यांच्या आसपास, आणि या कंपनीचा का त्या कंपनीचा यात फार अंतर पडलं नव्हतं. मग दहा हजारांच्या मॉडेलवरून डोकेफोड कशाला? तेवढ्यात कितीतरी मीठ येईल.

दुसरं, खायला किती घालता ते लिहिलं नाहीत. फ्रोझन मायसिस (गोठवलेले बारीक झिंगे) घालत असाल तर वितळलेलं पाणी तसंच ओतता का? ते चहाच्या गाळणीत ओतून गाळून टाका आणि फक्त झिंगे टँकात घाला. तीन मासे आहेत, लग्नाची पंगत नाही.

तिसरं, पाणी कुठलं? पिण्याच्या आरओचं असेल तर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजा. पिण्याचा आरओ मुद्दाम थोडे क्षार ठेवतो, त्यामागे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) एक डबा लावून शून्यावर आणा. काचेवर तपकिरी येतं ते बऱ्याचदा त्यातल्या सिलिकेटवर वाढतं, स्किमरचा त्याच्याशी काही संबंध नाही.

सिरॅमिक रॉक घेतलेत ते मात्र छान केलंत. लाइव्ह रॉक (समुद्रातून आणलेला, जीवाणू बसलेला दगड) म्हणून बाजारात जे देतात त्यात पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. लोकांना माहीतच नसतं.

मांडवीकाठ

जुनाटकाका, बादलीचं शंभर टक्के मान्य, पण तुमचं रिटायर्ड वेळापत्रक आणि डोंबिवलीहून लोकलने रोज ये-जा करणाऱ्याचं वेळापत्रक एक नाही हो. त्यांनी लिहिलंय ना, तीन आठवडे होतात. अशा माणसाला स्किमर म्हणजे थोडी उसंत. शिवाय संप नसलेल्या टँकला त्याचा दुसरा फायदा म्हणजे हवा. मे महिन्यात पाणी ३० च्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यात वर तेलाची साय, रात्री खिडक्या बंद. स्किमर दिवसरात्र हवा घुसळत असतो, त्याने माझे मासे मागच्या उन्हाळ्यात तगले असं मला वाटतं. पीएच पण जरा वर राहतो.

मी रत्नागिरीला आहे, तीन वर्षं टँक आहे आणि मी समुद्राचंच पाणी वापरते. इथे एक सांगते, जे किनाऱ्यावर राहतात त्यांच्यासाठी. फेस खारेपणावर अवलंबून असतो. पहिल्या वर्षी जुलैमध्ये नेहमीच्याच जागेवरून पाणी आणलं आणि स्किमर एकदम मुका झाला, फेसच नाही. मी पंप उघडला, धुतला, व्हिनेगरमध्ये ठेवला, काही नाही. मग रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजायचं उपकरण) लावला तर १.०१८. पावसाचं आणि खाडीचं गोडं पाणी वर पसरलेलं असतं, ते मी हौसेने भरून आणलं होतं. आता मे संपायच्या आत भरतीच्या वेळी खाडीच्या मुखापासून लांबून पाणी आणून ड्रम भरून झाकून ठेवते, पावसाळाभर तेच. १.०२५ असलं की स्किमरबाई नीट बोलते.

आणि दादा, तुमच्या पाण्यावरच्या सायीसाठी असा स्किमर बघा ज्याला पाणी वरच्या थरातून ओढायची सोय आहे, काहींना तसं जाळीदार तोंड मिळतं. संप नसेल तर त्या सायीला जायला दुसरा रस्ताच नसतो. फक्त त्यात एक गोम आहे, बाष्पीभवनाने पातळी खाली गेली की ते तोंड हवा ओढायला लागतं आणि गुळगुळ आवाज येतो, तुमच्या बाबांना ऐकू येईल. रोज सकाळी पातळी बघून साधं आरओचं पाणी घालायचं. खारं नाही हां, बाष्प होऊन जातं ते गोडं पाणी, मीठ तिथेच राहतं. काचेवर स्केचपेनने रेघ मारून ठेवा आणि बाबांना काम लावा.

अजून एक, हाताला क्रीम, खोबरेल, भांड्याचा साबण असलं काही लागलेलं असताना टँकात हात घालायचा नाही. कधी फेस एकदम बसतो, कधी उलटं होतं आणि वाटीतून उतू जातं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचं औषध टाकलं की माझ्याकडे हमखास उतू जातं, त्या दिवशी मी स्किमर बंदच ठेवते.

एडिसनकर

मेहुण्यांना थांबवा!! मी स्वतः हा शहाणपणा केलेला आहे.

इथला, म्हणजे अमेरिकेतला, स्किमर म्हणजे इथला पंप, ११०-१२० व्होल्ट. आपल्याकडे २३० ला लावलात तर पंप तिथल्या तिथे गेला. मी म्हटलं सोपं आहे, स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लावू, वडिलांकडे नाशिकला नेऊन लावला पण. चालला. पण फेस असा मरतुकडा की इथे दुकानात बघितलेला तोच का हा अशी शंका यावी. नंतर डोक्यात प्रकाश पडला, ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. इथे ६० हर्ट्झ, तिकडे ५०. हे छोटे एसी पंप फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरतात, इथे मिनिटाला ३६०० फेरे तर तिकडे ३०००. सहावा हिस्सा वेग गेला म्हणजे हवाही तेवढी कमी ओढली जाते, आणि डिझाइन सगळं ३६०० धरून केलेलं.

डीसी पंपवाला असेल आणि त्याच्या अ‍ॅडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट छापलेलं असेल तर आणा खुशाल. नाहीतर मेहुण्यांना सांगा चांगला रिफ्रॅक्टोमीटर आणि टेस्ट किट आणा, बॅगेत जागाही कमी लागते. वर इंपेलर तुटला तर तो काय दर वेळी विमानाने मागवणार का? जिथे राहता तिथे सुटे भाग मिळतात तोच स्किमर चांगला, ब्रँड कुठलाही असो.

डोंबिवलीचा_निमो

बाप रे, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद. मेहुण्याला मेसेज टाकलाय, तो जरा हिरमुसला.

जुनाटकाका, पकडलंत. मायसिसचं पाणी तसंच ओततो. आणि खाणं दिवसातून तीनदा जातं कारण शाळेतून आल्यावर लेक घालते, ऑफिसातून आल्यावर मी घालतो आणि दुपारी बाबा घालतात हे मला काल विचारल्यावर कळलं.

मापं: भिंतीपासून सव्वातीन इंच. पाणी काठापासून दीड इंच खाली. आणि हो, मागे आणि पुढे वरून आतल्या बाजूला दोन-दोन इंचांची काचपट्टी आहे. मी तिच्याकडे कधी लक्षच दिलं नव्हतं, त्यावर खाण्याचा डबा ठेवतो. आता स्किमरचा टांगायचा आकडा अडकणार कुठे? काचवाला म्हणतोय पट्टी मधून सहा इंच कापून देतो, दहा मिनिटांचं काम.

फेसाळकर

नाही!!! कापू देऊ नका. ती पट्टी डबा ठेवायला नाहीये. पाणी लांब काचेला मधोमध बाहेर ढकलत असतं, पट्टी तिला वरून धरून ठेवते. अडीच फुटी टँक आहे, बहुतेक काही होणार नाही, पण भरलेल्या टँकवर कोणी काचेची कानस चालवतोय हे चित्रच मला नको. सांध्याचं सिलिकॉन उगाच हलेल.

मला याचीच शंका होती. परदेशी रेडीमेड टँक समोर ठेवून हे टांगायचे आकडे बनवलेले असतात, तिथे काठ उघडा किंवा प्लास्टिकची पातळ किनार. आपल्याकडच्या काचवाल्यांचे टँक पट्टीवाले, आणि स्किमरचा आतला पाय पट्टीला थडकून वर राहतो, मग नळी पाण्यात पोचत नाही.

आडव्या बाजू बघा, डावी-उजवी. तिथे पट्टी आहे का? पुष्कळ काचवाले फक्त लांब बाजूंना देतात. तिथे उघडी ८ एमएम काच असेल तर स्किमर बाजूला टांगा. दिसायला थोडं खटकेल, सुरुवातीला घरात बोलणी बसतील, पण वाटी हाताशी राहते. मागे भिंतीत कोंबलेल्या स्किमरची वाटी माणूस धूत नाही, आणि न धुतलेली वाटी म्हणजे बंद स्किमर. मानेच्या आत जो चिकट थर बसतो त्याच्यावरून फेस चढतच नाही, तीन-चार दिवसांनी बोटाने नाहीतर जुन्या टूथब्रशने मान पुसावी लागते. मागे असेल तर तुम्ही पुसाल का, खरं सांगा?

बाजूला टांगलात तर वाटीच्या तळाला ड्रेनचं नाक असलेला बघा. त्याला नळी जोडून खाली झाकणाच्या बाटलीत सोडायची, झाकणाला नळीपुरतं एक भोक आणि हवा जायला दुसरं बारीक भोक. बाटली निदान दोन लिटरची घ्या, आणि बाटलीखाली एक घमेलं ठेवा. मला भित्रा म्हणा.

डोंबिवलीचा_निमो

आडव्या बाजूंना पट्टी नाही!! डावीकडे बाबांची आरामखुर्ची आहे, ती फूटभर सरकवावी लागेल. वाटाघाटी सुरू आहेत.

चहाबिस्कीट

पापड हलत नाहीत, खुर्ची हलते. घरात कोणाचं वजन किती ते कळलं.

डोंबिवलीचा_निमो

दीड महिन्याने धागा वर काढतोय, अनेकांनी व्यनि करून विचारलं पुढे काय झालं.

स्किमर घेतला. यादीतला सगळ्यात लहान आणि अरुंद होता तो, सुईचाकवाला, मुंबईतच इंपेलर मिळतो अशी आधी फोन करून खात्री केली. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पुढचे पन्नास प्रतिसाद ब्रँडवर जातील. खुर्ची सरकली.

घरी आल्यावर आधी बादलीत पाणी आणि पांढरं व्हिनेगर घालून तासभर चालवला आणि साध्या पाण्याने धुतला, तो कारखान्याचा तेलकट वास गेला. तरी पहिले नऊ दिवस वाटी कोरडी. फेस चढायचा, मानेच्या अर्ध्यात येऊन ढुस्स. तिसऱ्या दिवशी मी फेसाळकरांनी नको म्हटलेलं तेच केलं, व्हॉल्व्ह पिळला, आणि पहाटे चारला बाबांनी उठवलं की तुझ्या यंत्राला पान्हा फुटलाय. बाटली भरून घमेल्यात पाणी, नुसतं पाणी, फेस नाहीच. घमेलं नसतं तर खालचे वर आले असते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा केला आणि हात जोडून बसलो. दहाव्या दिवशी वाटीत बोटभर फिक्या चहासारखं आलं. आता चार दिवसांत अर्धी वाटी भरते, गडद, हिरवट-काळं, आणि वास असा की बायकोने वाटी किचनच्या सिंकमध्ये धुवायला कायमची बंदी घातलीय.

आवाज पहिल्या आठवड्यात होता, बुडबुड्यांचा. सायलेन्सर लावून नळी वर बांधली, आता पंख्याखाली ऐकू येत नाही. परत येणाऱ्या पाण्यातून बारीक बुडबुडे टँकात येत होते, पाणी सोड्यासारखं दिसायचं, त्यासाठी सोबत आलेला स्पंज तोंडाशी घातला. तो दर रविवारी काढलेल्या टँकच्या पाण्यात पिळतो, नाहीतर तोच घाणीचं घर होईल असं इथेच वाचलं.

लाईट दोनदा गेली. पाणी कुठे गेलं नाही. पण एकदा लाईट आल्यावर पंप नुसता गुणगुणत होता, फिरत नव्हता, बोटाने टिचकी मारल्यावर सुटला. उघडून बघितलं तर हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचा पांढरा खडा बसला होता. आता दर आठवड्याला नळीतून कपभर कोमट पाणी ओढवतो, खडा विरघळतो.

नायट्रेट काल १० ते २० च्या मधल्या रंगावर होतं. पण कबूल करतो, त्याच काळात दर रविवारी २० लिटर पाणी बदललं, खाणं दिवसातून एकदा केलं, आणि डबा बाबांच्या हाती न लागेल असा ठेवला. त्यामुळे कोणामुळे किती उतरलं हे मला सांगता येणार नाही. साय मात्र गेली, ती स्किमर लावल्यावर दुसऱ्याच दिवशी गेली. काचेवरचं तपकिरी अजून येतं, डीआय रेझिन पुढच्या महिन्यात.

जुनाट_मासेवाला

बादली. मी कोणाला काही बोलत नाहीये. पण बादली.

मांडवीकाठ

काका 😄 बरं दादा, वाटी कोण धुतं ते सांगा, खरं खरं.

डोंबिवलीचा_निमो

बाबा. खुर्ची स्किमरच्या अगदी शेजारी आहे ना. आधी नाक मुरडायचे, आता सकाळी चष्मा लावून वाटी उजेडात धरतात आणि मी दाढी करत असतो तिथे येऊन रिपोर्ट देतात. परवा म्हणाले, "आज पाणचट आहे, काल तू काय घातलंस?" आज म्हणाले कडक आहे, डबल पत्तीचा.

चहाबिस्कीट

मी आयडी बदलून घेतो.